‘अपग्रेड’ दिलेली मागची खोली

ताई,

आई-बाबांच्या लग्नाला यंदा ५० वर्षं झाली. हॉल, आहेर, जेवणावळी हे बाबांना नको होतं. म्हणाले, “कुठेतरी जुन्या घरात दोन रात्री झोपायला ने.” आमचं चरईतलं लाकडी जिन्याचं घर पुनर्विकासात गेलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघं आमच्याकडे घोडबंदर रोडला, चौदाव्या मजल्यावर राहतात. म्हणून मी एका थंड हवेच्या ठिकाणचं, शंभर वर्षांहून जुन्या बंगल्यातलं हॉटेल शोधलं. मूळ बंगल्याच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दोन रात्री, खोलीचा दर रात्रीला १४,००० रुपये अधिक जीएसटी. सगळे पैसे आधी भरले.

गेल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, बंगल्यात मेंटेनन्स चालू आहे, तुम्हाला अपग्रेड देतो. अपग्रेड म्हणजे मागची सिमेंटची नवी इमारत. टीव्हीचा रिमोट बंद, चहाच्या ट्रेमध्ये दोनच पुड्या, वायफाय नाही, पंख्याचा आवाज, दहा मिनिटं नळ सोडल्यावर कोमट पाणी, उशांना कुबट वास, भिंतीला ओल, नाश्त्याचे पोहे थंडगार. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बंगल्याच्या व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत जाऊन बसले, तर वेटरने उठवलं. “अंकल, ये साइड हेरिटेज गेस्ट के लिए है.” आणि त्याच बंगल्याच्या वरच्या मजल्यावर दोन्ही रात्री दिवे होते, गाणी चालू होती.

आई-बाबांचा मूड जाऊ नये म्हणून मी तिथे काही बोलले नाही. आता महिना झाला. आई सोसायटीत सांगत फिरते, “लेकीने राजेशाही थाटात ठेवलं.” ते ऐकलं की मला रडू येतं. नवरा म्हणतो, सोड. मी १४ मुद्द्यांचा रिव्ह्यू लिहून ठेवलाय, टाकलेला नाही. ग्राहक न्यायालयात जाऊ का? की खरंच सोडून देऊ?

– रागावलेली लेक, ठाणे (पश्चिम)

(पत्र मोठं होतं, आटोपतं करून दिलं आहे. हॉटेलचं आणि गावाचं नाव गाळलं आहे.)

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यात टीव्हीचा रिमोट पहिल्या पानावर आहे आणि बाबांना खुर्चीतून उठवलं ते तिसऱ्या पानावर, पोह्यांच्या खाली.

तुमचं सगळं अडलंय ते इथेच. रिव्ह्यूचे १४ मुद्दे मी पाहिले, त्यातही व्हरांडा अकराव्या नंबरावर आहे. ज्या गोष्टीने तुम्हाला महिनाभर झोप नाही ती तुम्ही सगळ्यात खाली दडवली आहे आणि जिच्याबद्दल तुम्हाला काडीचंही वाटत नाही तो रिमोट पुढे केलाय. हॉटेलचा मॅनेजर असा मेल आला की काय करतो ते मला माहीत आहे, कारण माझी २३ वर्षं हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये गेली. तो पहिला मुद्दा वाचतो, “रिमोटबद्दल दिलगीर आहोत, आपल्या सूचनेचं स्वागत आहे” असं लिहितो आणि जेवायला जातो.

आधी ‘अपग्रेड’ या शब्दाचं बघू. खोली कमी प्रतीची आहे आणि पाहुणा परत जाऊ शकत नाही, सोबत म्हातारी माणसं आहेत, घाट चढून आलेत, सामान उतरलंय, अशा वेळी हा शब्द बाहेर निघतो. मी स्वतः वापरलाय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका कुटुंबाला तळघराशेजारची, जनरेटरच्या भिंतीला लागून असलेली खोली “शांत बाजू आहे” म्हणून मीच दाखवली होती. बाईंनी माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं, काही बोलल्या नाहीत. तुमचं पत्र वाचताना त्याच डोळ्यांसमोर आल्या. तेव्हा मी काही वरच्या पायरीवर बसून लिहीत नाहीये.

मेंटेनन्सचंही तसंच. खोल्या खरोखर बंद असतात कधीकधी. छप्पर गळतं, वायरिंग जळतं. पण ज्या मजल्यावर दुरुस्ती चालू आहे तिथे रात्री गाणी नसतात. बहुधा मोठा ग्रुप आला असेल, त्यांनी सगळा बंगला एकत्र मागितला असेल आणि दोन खोल्यांच्या चौकोनी कुटुंबापेक्षा आठ खोल्यांचा ग्रुप कोणालाही प्यारा. हा माझा अंदाज आहे. तुम्हाला तो सिद्ध करता येणार नाही, म्हणून तक्रारीत घालू नका. “वरच्या मजल्यावर दिवे दिसले” एवढंच लिहा. पाहिलं तेवढंच.

आता तुमचे १४ मुद्दे. त्यांचे मी तीन ढीग केले, आणि खरं सांगायचं तर पहिल्या ढिगात बरंच काही गेलं. वायफाय नाही, मोबाइलला रेंज नाही, बंगल्यापर्यंत गाडी जात नाही, डायनिंग हॉलच्या लाकडी जमिनीचा आवाज येतो, हे सगळं जुन्या वास्तूसोबत येतं. आपल्या ठाण्याचाच कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानचा डोंगर चढला आणि मग तिथे बंगले उभे राहिले. महाबळेश्वरला ते त्याआधीच सुरू झालं होतं. हे बंगले उन्हाळ्यापुरते बांधलेले. जांभ्याच्या जाड भिंती, चुना, उंच छत, भोवती व्हरांडा. नळ, गीझर, कमोड हे सगळं नंतर कुठेतरी कोपरा कापून बसवलेलं. अशा ठिकाणी बाथरूम अडनिड असणार आणि जिना चढताना कुरकुरणार. बाबांना तर तो कुरकुरणारा जिनाच हवा होता ना? मग ती तक्रार होत नाही.

दुसरा ढीग हेळसांडीचा. इथे जुनेपणाची सबब चालत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण तुमची खोली नव्या इमारतीत होती! उशीला कुबट वास येतो कारण डोंगरावर पावसाळ्यात आणि त्याच्या पुढेमागे कपडे लवकर सुकत नाहीत, आणि माणसं कमी असली की अर्धवट ओली चादर-अभ्रे घडी घालून कपाटात ढकलले जातात. गरम पाण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं. बॉयलर एका टोकाला, तुमची खोली दुसऱ्या टोकाला. मधल्या पाइपातलं पाणी फिरतं ठेवायला एक पंप असतो. विजेचं बिल वाचवायला तो बंद ठेवला की शेवटच्या खोलीत आधी पाइपभर गार पाणी येतं आणि मग कोमट. तुम्ही दहा मिनिटं नळ सोडून बसलात, त्या दहा मिनिटांत कोणीतरी पैसे वाचवत होतं.

भिंतीचा फोटो मात्र तुम्ही फार चांगला काढलाय. पलंगाच्या उशाशी, प्लगच्या जरा वर, गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि खाली फरशीवर पांढरी पूड पडलीय. ती पूड म्हणजे क्षार. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून रंग ढकलून देतात. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडायला जागा तरी असते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंटच्या मागे ती कोंडते. पण मला आवडली ती वेगळीच गोष्ट. फोटो मोठा करून बघा. पापुद्र्याच्या कडेला तीन रंग दिसतात. वर फिकट गुलाबी, त्याखाली पांढरा, त्याखाली पिस्ता. म्हणजे या भिंतीला आजवर निदान तीनदा रंग काढलाय आणि ओलीचं मूळ कोणी शोधलेलं दिसत नाही. हा फोटो जपून ठेवा. शब्दांत ‘अस्वच्छ’, ‘दयनीय’, ‘लाजिरवाणं’ असं काहीही लिहिण्यापेक्षा हा एक फोटो जास्त बोलतो.

तरीही दुसऱ्या ढिगावर मी तुम्हाला भांडू देणार नाही. उशीच्या वासाची किंमत किती? वास फोटोत येत नाही, महिन्यानंतर तो उरत नाही, आणि तुम्ही त्या रात्री उशी बदलून मागितली नाहीत. हे मी तुम्हाला बोल लावायला म्हणत नाही. आपल्याकडे हॉटेलातही माणूस पाहुण्यासारखा वागतो. यजमानाच्या घरी ताटात केस निघाला तर आपण तो हळूच ताटाखाली सरकवतो, तीच सवय. पैसे मोजलेत हे लक्षात येतं ते घाट उतरल्यावर. पुढच्या वेळी एवढं करा. बॅग उघडायच्या आधी गरम नळ सोडा, तो वाहू दे तोवर उशी नाकाशी धरा, गादीची कड उचलून शिवण बघा (काळे ठिपके दिसले तर ढेकूण), खिडकीची कडी लावून बघा. पाच मिनिटं लागतात. पटलं नाही तर सामान न उघडता खाली या. सामान उघडलेल्या पाहुण्याला खोली बदलून द्यायला कोणाला घाई नसते, आणि दोष त्या मुलांचाही नाही, त्यांना एका दिवशी १४-१५ खोल्या उरकायच्या असतात.

तिसऱ्या ढिगात एकच मुद्दा उरतो. तुम्ही मूळ बंगल्यातली खोली विकत घेतलीत आणि तुम्हाला दुसरीच दिली. हा मुद्दा मात्र भक्कम आहे.

किती भक्कम ते बघा. तुमच्या बुकिंगच्या मेलमध्ये ‘हेरिटेज रूम, मूळ बंगला, पहिला मजला’ असं स्वच्छ लिहिलंय. बिलातही खोलीचा प्रकार ‘हेरिटेज’ असाच छापलाय, म्हणजे पैसे त्याचेच घेतले. आणि तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मागच्या इमारतीतल्या खोलीचा त्याच तारखांचा दर ८,००० रुपये दिसतो. एका खोलीला रात्रीचा फरक ६,००० रुपये. दोन खोल्या, दोन रात्री, २४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४,३२०. एकूण २८,३२० रुपये. तुमच्या रागाला आता एक आकडा मिळाला. मॅनेजरला आकडा कळतो. अपग्रेड म्हणे! चौदा हजारांवरून आठ हजारांवर.

आणि त्या वेटरचं वाक्य? ते तुम्हाला सुरीसारखं लागलं, साहजिक आहे. पण हॉटेलच्या बाजूने विचार केला तर त्यांच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा त्यांच्याच माणसाने बोलून दाखवलाय. ‘ही बाजू हेरिटेज पाहुण्यांसाठी आहे’ म्हणजे तुम्ही हेरिटेज पाहुणे नव्हता. बिल म्हणतं होता, वेटर म्हणतो नव्हता. दोन्ही एकाच हॉटेलचं. तेव्हा ते वाक्य कोणी कोणी ऐकलं, सकाळी किती वाजता, बाबा काय म्हणाले, हे सगळं आजच एका कागदावर लिहून काढा. महिन्यापूर्वीची गोष्ट तुम्हाला आज शब्दाला शब्द आठवते, सहा महिन्यांनी आठवणार नाही. फक्त त्या पोराचं नाव कुठे घालू नका. छातीवरच्या पट्टीवर तुम्ही ते वाचलं असेल. त्याला सकाळी कोणीतरी सांगितलं असणार की मागच्या इमारतीतली माणसं पुढे येऊ देऊ नकोस. मेल आला की पहिली नोकरी त्याचीच जाईल आणि ज्याने सांगितलं तो तसाच राहील.

‘हेरिटेज’ या शब्दाबद्दल थोडं, कारण तुम्ही पत्रात विचारलंय की हा शब्द कोणीही वापरू शकतं का. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाकडे हेरिटेज हॉटेलांचं वर्गीकरण आहे – बेसिक, क्लासिक आणि ग्रँड. वास्तू १९५० च्या आधीची असावी ही त्यातली मूळ अट. पण हे वर्गीकरण ऐच्छिक आहे, हॉटेलने स्वतः अर्ज करायचा असतो. म्हणजे प्रमाणपत्र नसतानाही पाटीवर शब्द रंगवणारे पुष्कळ. पाटीवर ‘१८९०’ असं लिहिलेलं असलं तर ते साल जमिनीच्या खरेदीचं आहे, बंगल्याचं आहे की हॉटेलचं, हे एकदा विचारून बघावं. गमतीदार उत्तरं मिळतात. शिवाय बंगला जुना आणि झोपायच्या खोल्या मागे गेल्या दशकातल्या, हा प्रकार सर्रास आहे. फोटो व्हरांड्याचा, झोप स्लॅबखाली. बुकिंग करताना ‘मूळ इमारतीत किती खोल्या आहेत आणि माझी त्यातली कितव्या नंबरची’ एवढं लेखी विचारायचं. व्हॉट्सअॅपवर विचारलं तरी चालतं.

आता मेल. एवढाच लिहा, यापेक्षा एक ओळ जास्त नको:

“आम्ही अमुक तारखांना, अमुक क्रमांकाच्या बुकिंगने मूळ बंगल्यातील पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या आणि जीएसटीसह ६६,०८० रुपये आगाऊ भरले. प्रत्यक्षात आम्हाला मागील नव्या इमारतीतील खोल्या देण्यात आल्या. त्या खोल्यांचा त्याच तारखांचा तुमच्या संकेतस्थळावरील दर ८,००० रुपये होता. फरकाचे जीएसटीसह २८,३२० रुपये १५ दिवसांत परत करावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वडिलांना मूळ बंगल्याच्या व्हरांड्यातून ‘ही बाजू हेरिटेज पाहुण्यांसाठी आहे’ असे सांगून उठवण्यात आले. त्याबद्दल लेखी दिलगिरी अपेक्षित आहे. बुकिंगचा मेल, बिल आणि दरपत्रकाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.”

रिमोट नाही, पोहे नाहीत. भिंतीचा फोटोसुद्धा आत्ता जोडू नका, तो पुढच्या फेरीसाठी राहू दे.

बुकिंग तुम्ही ऑनलाइन साइटवरून केलंय, म्हणून हाच मेल त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. माझा अनुभव असा की हॉटेल ग्राहकापेक्षा साइटला जास्त घाबरतं. साइटवरचं नाव खाली गेलं तर पुढचा सीझन खाली जातो.

उत्तर बहुधा व्हाउचरचं येईल. “पुन्हा या, एक रात्र आमच्यातर्फे.” इथे मला जरा अडखळायला होतं. सरळ हिशेबाने बघितलं तर घेऊ नका. पैसे परत करायचे नसले की व्हाउचर काढतात, आणि नेमकी सुट्टीत, शनिवार-रविवारी ते चालत नाहीत. पण बाबांना त्या बंगल्यात झोपायचं होतं. अजूनही असेल, तर मग फरकाचे पैसे घ्याच आणि त्यावर एक रात्र मूळ बंगल्यात मागा, खोलीच्या नंबरासकट, लेखी. मिळालीच तर सामान उघडायच्या आधी खोली बघा. आणि ‘नाही’ म्हणाले बाबा, तर तो विषय तिथेच संपला.

पंधरा दिवसांत काहीच आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ते हॉटेलकडे तक्रार पाठवतात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच पैसे सुटतात, कारण सरकारी नाव दिसलं की मेल मॅनेजरच्या टेबलावरून मालकाच्या टेबलावर जातो. तेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक फार मोठी सोय केलीय. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. हॉटेल कुठल्याही डोंगरावर असो, तारखेला त्यांनी ठाण्यात यायचं, तुम्ही घाट चढायचा नाही. तुम्ही मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे महिना गेला म्हणून काही हातचं गेलेलं नाही. काउंटरवर त्या खोल्यांच्या नोंदणीच्या कार्डावर सही केलीत, त्याचीही धास्ती घेऊ नका. त्या सहीने तुमची बाजू थोडी सैल होते, सुटत नाही. रात्री आठ वाजता दोन वृद्धांना घेऊन आलेला माणूस दुसरं काय करणार होता, हे आयोगालाही कळतं. कागद कसे लावायचे यात मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करत आली आहे.

पण जाऊच का, असं विचारलंत म्हणून सांगते. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा पडतात. तुमची नोकरी, मुलाची दहावी, आई-बाबांचे दवाखाने, यातून तारखा काढायची तयारी असेल तर जा, बाजू चांगली आहे. नसेल तर १९१५ पर्यंत जाऊन थांबलात तरी त्यात कमीपणा नाही. नवऱ्याचं ‘सोड’ मात्र मला पटत नाही. २८,००० रुपये मेलभर कष्टासाठी सोडायचे नसतात. (त्यांना सांगा, मेल टाइप करायला तुम्हीच बसा. राग नसलेला माणूस चांगला मेल लिहितो.)

बिलातला तो १० टक्क्यांचा सर्व्हिस चार्ज वेगळा मागा, स्वतंत्र मेलने. तो कर नाही, सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तुमच्या जेवणाच्या बिलात तो ९२० रुपये आहे, आणि त्याच्यावरही जीएसटी लावलाय. रक्कम लहान, पण ही मागणी टाळायला त्यांच्याकडे शब्द नाहीत. मॅनेजर एका मेलला ‘हो’ म्हणाला की दुसऱ्यालाही जरा नरम येतो.

रिव्ह्यू टाका, पण पैशाचं मिटल्यावर किंवा नाही मिटलं हे नक्की झाल्यावर. आत्ता टाकलात तर बोलणी तिथेच थांबतात. आणि चार ओळींचा टाका. ‘चोर’, ‘लुटारू’ असले शब्द काढा. आपण काय घेतलं, काय मिळालं, काय मागितलं, काय उत्तर आलं. खाली भिंतीचा फोटो. वाचणाऱ्याला शिव्या नको असतात, त्याला त्याच्या आई-बाबांना तिथे न्यायचं की नाही एवढं ठरवायचं असतं.

आता आई. त्यांना खोटं पाडू नका. त्यांचं ‘राजेशाही’ तुम्ही सांत्वन समजताय, तसं नसेलही. पन्नास वर्षं सकाळी उठून पहिला गॅस पेटवलेल्या बाईला दोन दिवस कोणीतरी नाश्ता वाढला, अंथरूण दुसऱ्याने काढलं, लेक-जावई सोबत. पोहे थंड होते हे तुम्हाला लागलं, त्यांना कदाचित ते आपल्याला करावे लागले नाहीत एवढंच आठवत असेल. सोसायटीत त्या जे सांगतात ते त्यांचं त्यांना ठेवू द्या.

बाबांचं वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, “हवा छान होती.” ज्या माणसाचं आयुष्य चरईच्या लाकडी जिन्यावर गेलं त्याला जुनी भिंत आणि सिमेंटची भिंत यातला फरक दाराशीच कळला असणार. त्यांनी तो तुमच्यासाठी गिळला, तुम्ही तो त्यांच्यासाठी गिळलात, आणि दोघंही चौदाव्या मजल्यावर एकमेकांना जपत बसलाय. व्हरांड्यातल्या खुर्चीबद्दलचं वाक्य मेलमध्ये घालायचं तर त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. अपमान त्यांचा आहे, तो कागदावर आणायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं. मेलचा मसुदा त्यांच्या हातात द्या, चष्मा द्या आणि बाजूला बसा. कदाचित ते ती ओळ खोडतील. कदाचित म्हणतील, “उठवलं नाही, हाताला धरून उठवलं, तसं लिही.” दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुम्हाला महिनाभर जे बोलता आलं नाही ते बोलायला सुरुवात होईल, आणि त्यासाठी हॉटेलच्या उत्तराची वाट बघावी लागणार नाही.

मेल सोमवारी पाठवू नका. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी सगळी माणसं चादरी मोजत असतात आणि मॅनेजर लाँड्रीवाल्याशी भांडत असतो. मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास पाठवा. चेकआउट उरकलेले असतात, नवे पाहुणे यायला वेळ असतो, आणि तो चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो.